बस चुकते तसं

“तुला इंग्लिश येतं ना?” हिल्काबाईंनी विचारलं.

आम्ही लिफ्टमध्ये होतो. माझ्या खांद्यावर अंगणात झटकून आणलेला गालिचा, त्यांच्या हातात बटाट्यांची पिशवी. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही, हा त्या देशाचा अलिखित कायदा. तो त्या मोडत होत्या, म्हणजे काम तसंच असणार. मी म्हटलं, येतं, पण कामापुरतं.

“कामापुरतंच हवंय. शनिवारी माझी नात येतेय. तिला फिनिश येत नाही, मला दुसरं काही येत नाही. तू मध्ये बस.”

चौथा मजला आला. त्या आपल्या दारात शिरल्या, मी समोरच्या माझ्या.

ही ताम्पेरेची गोष्ट. फिनलंडमधलं, दोन तळ्यांच्या मधोमध बसलेलं गाव. आता वीसेक वर्षं होऊन गेली. आमच्या ह्यांची कंपनी कागदाच्या गिरण्यांना यंत्रं पुरवायची आणि ती बसवायला हे उत्तरेकडे जायचे, ते पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचे. मुलगी गार्गी पुण्याला हॉस्टेलवर, सासूबाई मिरजेला. मी चौथ्या मजल्यावर. खिडकीतून बर्चची झाडं दिसायची, पांढऱ्या खोडांची, पानं नसलेली. ती बघून झाली की परत पहिल्या झाडापासून सुरुवात करायची.

रविवारी फोनचं कार्ड खरडून फोन लावायचा. पलीकडून सगळ्यांचं एकच, मजा आहे बाई तुझी. मी म्हणायची, आहे की. बर्फ कसा असतो, घरात गरम असतं का, तिथे कोथिंबीर मिळते का, एवढं विचारून होईतो कार्ड संपायचं. गार्गी तर अभ्यासाच्या गडबडीत असायची. आमच्या ह्यांना यंत्रं कळायची. चालू आहे की बंद आहे, एवढं विचारून ते निश्चिंत व्हायचे, आणि मी चालू होतेच.

फिनिश मला कुणी शिकवलं नाही. वर्ग होते, पण ते नोकरी शोधणाऱ्यांसाठी. माझी नोंद ‘अमक्यांची पत्नी’ अशी होती. मग मी मिळेल तिथून शब्द गोळा करत गेले. दुकानात, कपडे धुवायच्या सामाईक खोलीत, रेडिओवर. त्यामुळे माझ्या प्रत्येक शब्दाला तो जिथे सापडला त्या जागेचा वास लागलेला असायचा. ‘म्योहॅस्त्युआ’ हा तोंडात गरम बटाटा धरून म्हणावा असा शब्द मी बसस्टॉपवर शिकले. बस डोळ्यांदेखत निघून गेली आणि शेजारची बाई तो शब्द म्हणाली. इंग्लिशमध्ये आपण म्हणतो बस मिस झाली, मराठीत बस चुकली. फिनिशमध्ये माणूस बसपासून उशिरा पोचतो. तसाच ‘इकॅवॅ’ मी रेडिओवर हवामानात ऐकला. ‘इकॅवॅ’ हवा म्हणजे चिखल, गारठा, दुपारीच दिवे लावायला लागणं. म्हणजे वाईट, नकोसं. हा शब्द मी डोक्यात पक्का करून टाकला.

पहिल्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, तोंडओळखीच्या पलीकडे आमचं काही नसताना, याच लिफ्टमध्ये हिल्काबाईंनी मला विचारलं होतं, “ऑन्को सिनुल्ला इकॅवॅ?” ‘ऑन’ म्हणजे आहे, ‘सिनुल्ला’ म्हणजे तुझ्यापाशी. मी अर्थ लावला, तुला हवा वाईट वाटतेय का? त्या दिवशी नेमकं लख्ख ऊन पडलं होतं. मी तोंडभर हसून म्हटलं, “छे, नाही. ऊन आहे.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “ऊन आहे खरं.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांची कॉफी जास्त व्हायला लागली. दुपारी दार वाजायचं आणि बाई म्हणायच्या, आजही जास्त झाली, टाकवत नाही. इतकी वर्षं एकट्या राहणाऱ्या बाईचा अंदाज रोजच्या रोज चुकतो कसा, याचं मला नवल वाटायचं. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी चपला सरकवायची. कॉफीबरोबर पुल्ला असायचा, तिथला गोड पाव. त्यात वेलदोडा घालतात. पहिल्यांदा त्या दारातून वेलदोड्याचा वास आला, तेव्हा मी जिन्यात अशी उभी राहिले की पोस्टमनला वाटलं मला चक्कर आली.

त्यांना शैलजा म्हणता यायचं नाही. त्यांच्यात साइला असं नाव असतं, त्यांनी तेच ठेवून घेतलं. फिनिशमध्ये सगळ्यांना तूच म्हणतात, ऐंशी वर्षांच्या बाईलाही. मी तोंडाने तू म्हणायची आणि मनात दर वाक्याला एक ‘अहो’ चिकटवायची. आता मराठीत लिहिताना हात तू लिहायला धजत नाही, म्हणून इथे तुम्हीच.

तर शुक्रवारी कॉफीला गेले, तेव्हा मला खरं काम कळलं.

हिल्काबाईंना एकच मुलगा, राइमो. तरुणपणीच कॅनडाला गेला आणि परत आला नाही. दर नाताळला एक कार्ड यायचं, त्यावर नुसती सही. आधल्या हिवाळ्यात तो तिकडेच वारला; निरोप चर्चच्या ऑफिसातून आला. ही नात, हेदर, त्याची मुलगी. हेलसिंकीला कामासाठी आली होती, रविवारी तिचं विमान होतं. शनिवारची दुपार तेवढी मोकळी.

“खालच्या मजल्यावरच्या पोराला छान इंग्लिश येतं,” मी म्हटलं. मला खरोखरच भीती वाटत होती. “माझं फिनिश हे असं.”

“त्याला सगळं समजेल,” हिल्काबाई म्हणाल्या. “तुला निम्मं समजतं. म्हणून तू.”

मी पुल्लाचा तुकडा कॉफीत बुडवला.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, मध्ये ओटा पुसत. राइमोला जायचं होतं आणि त्यांना तो जायला नको होता. बाप तेव्हा नुकताच गेलेला. पुष्कळ दिवस धुसफूस चालली. शेवटी एका सकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला, आई काहीतरी बोलेल म्हणून थांबला, आणि त्या म्हणाल्या, “मेने सित्तेन.” जा तर मग.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच. तो गेला.”

मी त्यांना सांगितलं की आमच्यात जा म्हणत नाहीत. निघणारा म्हणतो येतो, आणि घरातला म्हणतो ये. कुणी चुकून जातो म्हणालाच, तर घरातलं मोठं माणूस लगेच टोकतं. हिल्काबाईंनी फडकं खाली ठेवलं. म्हणाल्या, “येतो म्हणून जाता? मग घरच्यांना कळतं कसं, माणूस गेलं ते?”

“कळतं,” मी म्हटलं.

फडकं परत उचलून त्यांनी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, “मला त्या मुलीला एकच गोष्ट विचारायचीय. राइमोनं माझं कधी नाव काढलं का. बाकी सगळं तुम्ही दोघी बोला, मला चालेल. हे मात्र नीट विचार, आणि ती जे म्हणेल ते तसंच मला सांग. गोड करू नकोस.”

शनिवारी हेदर आली. उंच, थंडीने गाल लाल झालेली, हातात ट्यूलिपची फुलं. फ्रिजवरच्या फोटोतल्या राइमोची हनुवटी तिने जशीच्या तशी आणली होती. दारातच तिने आजीला मिठी मारली. हिल्काबाई दोन्ही हात अंगालगत धरून खांबासारख्या उभ्या राहिल्या आणि तिने सोडल्यावर म्हणाल्या, कॉफी तयार आहे.

मी मध्ये बसले. दोन्ही भाषा माझ्या नव्हत्या. एका भाड्याच्या घरातून सामान उचलायचं आणि दुसऱ्या भाड्याच्या घरात लावायचं, आणि दोन्हीकडे मालकीणबाई बघत बसलेल्या. गाडीला गर्दी होती का, कॅनडात बर्फ केवढा, पुल्लात काय घालता, इथवर ठीक चाललं. हेदर बोलकी होती. तिच्या चार वाक्यांचं माझ्याकडून एक व्हायचं, आणि हिल्काबाईंच्या एका शब्दाची मी दोन वाक्यं करायची, म्हणजे हिशेब बरा दिसायचा.

मग हिल्काबाईंनी आपला कप बशीत नीट मध्यावर ठेवला आणि मला म्हणाल्या, “विचार आता.”

मी विचारलं. तुझे वडील आपल्या आईचं कधी काही बोलायचे का?

हेदरने माझ्याकडे नाही, आजीकडे पाहिलं. आणि तीनच शब्द म्हणाली. ही मिस्ड यू.

इतकं सोपं वाक्य. शाळेतल्या पोराला येईल. गार्गी मला फोनवर दर वेळी म्हणायचीच की, मिस यू आई, आणि फोन ठेवायची. पण ‘मिस’ म्हटल्याबरोबर माझ्या तोंडाशी तो बसस्टॉप आला. माझ्याकडे त्या शब्दाला फिनिशमध्ये दुसरं काही नव्हतंच. हिल्काबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी म्हणून टाकलं, “हॅन म्योहॅस्त्यी सिनुस्ता.”

त्याला तुमच्यापाशी पोचायला उशीर झाला. बस चुकते तसं.

हिल्काबाईंनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर काही नव्हतं, तीच झाडं.

“हो,” त्या म्हणाल्या. “झाला खरा. मलाही झाला.”

आजी काय म्हणाली, हेदरने विचारलं. मी म्हटलं, हो म्हणाली. मी काहीतरी भलतंच बोलून बसलेय, हे मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं. हेदरचा चेहरा पडला. इतक्या लांबून आणलेली गोष्ट तिने आजीच्या ओंजळीत ठेवली आणि आजीने नुसतं हो म्हणून बाहेर बघावं, असं तिला दिसत होतं. उठून निघाली असती तर मी दोष दिला नसता.

तेवढ्यात हिल्काबाईंनी खिडकीकडेच बघत विचारलं, “ओलिको हॅनेल्लॅ इकॅवॅ?”

त्याच्यापाशी इकॅवॅ होतं का?

माझ्या डोक्यात रेडिओ लागला. हवा? तिकडची हवा कशी असायची, हे आत्ता विचारतायत? ते काही जुळेना. मग मी त्या शब्दाचं दुसरं टोक धरलं. वाईट, नकोसं. तो त्रासदायक होता का, असं असणार. मला ते विचारायची लाज वाटत होती, पण गोड करू नकोस हे बजावलेलं होतं. मी हेदरला विचारलं, “आजी विचारतेय, तुझे वडील घरात वागायला त्रासदायक होते का?”

हेदर आधी चमकली. मग हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

“एरवी नाही,” ती म्हणाली. “पण नाताळ आला की असायचे. आणि जूनमध्ये, दिवस मोठे होतात तेव्हा. वस्सकन अंगावर यायचे. मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसायचे. गाडी सुरूसुद्धा करायचे नाहीत. जेवायला या म्हटलं तरी येत नसत. आई आम्हाला म्हणायची, राहू द्या त्यांना, ते घरी गेलेत.”

मी ते हिल्काबाईंना सांगितलं. माझ्या फिनिशमध्ये विशेषणं फारशी नव्हती. गोड करायचं म्हटलं असतं तरी साखर कुठून आणणार. मी म्हटलं, नाताळात तो गाडीत बसायचा. गाडी बंद. जेवायचा नाही. बोलायचा नाही. बायको मुलांना म्हणायची, राहू द्या, तो घरी गेलाय.

हिल्काबाईंनी हात उचलला आणि छातीच्या मध्यावर ठेवला. डॉक्टरला दुखरी जागा दाखवावी तसा.

“इकॅवॅ,” त्या म्हणाल्या.

आणि तेव्हा तो शब्द माझ्यासाठी रेडिओतून बाहेर आला. चिखल, गारठा, दुपारी दिवे लावायला लागणं, हे सगळं बरोबरच होतं. फक्त ते बाहेर नव्हतं. मला तो आजार पाठ होता. ताट वाढून घ्यायचं आणि तसंच झाकून ठेवायचं. फोनवर ह्यांच्यावर उगाच खेकसायचं आणि फोन ठेवल्यावर कशासाठी ते आठवायचं नाही. त्याला आमच्याकडे शब्द होता, इतका रोजचा की मला तो शब्द वाटतच नसे. करमत नाही. इंग्लिशमध्ये माणूस मिस करतो, म्हणजे त्याने काहीतरी केलेलं असतं. मराठीत कुणी काही करत नाही. मला करमत नाही, बस्स. फिनिशमध्येही तसंच निघालं. माझ्यापाशी इकॅवॅ आहे. येऊन बसलंय.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “उशीर नाही. हॅनेल्लॅ ओली इकॅवॅ सिनुआ.” त्याला तुमच्यावाचून करमत नव्हतं.

हिल्काबाईंनी मान हलवली. छातीवरचा हात तसाच होता.

“आधीचंही बरोबरच होतं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तो हात टेबलावरून पुढे सरकवला, हळूहळू, साखरेच्या भांड्याला वळसा घालून, आणि हेदरच्या मनगटावर ठेवला. हेदरने मला काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. त्या दुपारी पहिल्यांदाच मला काम नव्हतं. मी पुल्ला खाल्ला.

गाडीची वेळ झाली. हेदरने कोट घातला, बूट घातले, ट्यूलिपचं पाणी रोज बदला म्हणून सांगितलं. दारात परत मिठी मारली, आणि या खेपेला खांबाला हात फुटले. हेदर जिन्याकडे वळली तशा हिल्काबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्याच चौकटीला, मला वाटतं. घर त्यांनी कधी बदललं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणण्याआधी विचारावं तसं, आणि मग म्हणाल्या, “तुले सित्तेन.”

“ये तर मग,” मी हेदरला इंग्लिशमध्ये सांगितलं.

हेदर गोंधळली. “पण मी तर निघालेय.”

“निघतानाच म्हणतात.”

“फिनलंडमध्ये?”

“मिरजेत,” मी म्हटलं.

ती हसत खाली गेली. लिफ्ट होती, तरी जिन्याने. पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली, मग खालचं दार वाजलं.

मी कप विसळायला लागले. हिल्काबाई टेबलापाशी बसून पुल्लाचे कण बोटाने गोळा करत होत्या. बाहेर अंधारून आलं होतं, दिवा लावायचं दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

विसळता विसळता मला ते नोव्हेंबरातलं ऊन आठवलं. लिफ्ट आठवली. ऑन्को सिनुल्ला इकॅवॅ? म्हणजे या बाईने मला तेव्हा काय विचारलं होतं! नवी नवरी मिरजेला सासरी आले, तेव्हा गल्लीतल्या एकीने हातावर साखर ठेवून विचारलं होतं ते. करमतं का गं? त्यानंतर कुणी विचारलं नव्हतं. इथे तर कुणीच नाही, फोनवर नाही, घरात नाही. एका बाईने विचारलं, आणि मी तिला सांगितलं, ऊन आहे. आणि तिने ऊन आहे खरं म्हणून दुसऱ्या दिवसापासून कॉफी वाढवली.

मी नळ बंद केला.

“ऑन,” मी म्हटलं.

“काय ऑन?”

“तुम्ही विचारलं होतंत ना. लिफ्टमध्ये, नोव्हेंबरात. आहे. मिनुल्ला ऑन इकॅवॅ.”

हिल्काबाईंनी वर पाहिलं नाही. समोरची खुर्ची पायाने जराशी मागे सरकवली, मला बसता येईल इतकी, आणि किटलीत उरलेली कॉफी दोन्ही कपांत ओतली. ती बरोब्बर पुरली. बाईंचा अंदाज कधीच चुकत नव्हता.

“उत्तर द्यायला उशीर झाला,” मी म्हटलं. माझ्याकडे त्यासाठी तेच एक क्रियापद होतं, बसचं.

“असू दे,” हिल्काबाई म्हणाल्या आणि पुल्लाची बशी माझ्याकडे ढकलली. “पुढची येते.”